समासातला प्रश्न

नववीत भाषेच्या बाई माझ्या निबंधाच्या समासात लाल शाईने एकच शब्द लिहीत : ‘कशावरून?’ ‘सगळा गाव हळहळला’ असं लिहिलं, की शेजारी तो प्रश्न हजर. तेव्हा फार राग यायचा.

पुढे टांझानियातल्या अरुशाला, रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणात, अभियोक्त्यांच्या कार्यालयात रुजू झाले. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत रवांडात तुत्सी समाजातले लाखो लोक मारले गेले, त्याचे खटले तिथे चालत. एका आजींच्या जबाबाच्या मसुद्यात मी लिहिलं, ‘आरोपीला नाक्यावर पाहिलं.’ वरिष्ठांनी कागद परत केला. दुभाष्याला घेऊन पुन्हा बसले, एकेक वाक्य विचारलं. आजी जोंधळ्याच्या शेतात पालथ्या पडल्या होत्या. डोळ्यांसमोर फक्त ताटं. आवाज मात्र ओळखीचा, बाजारात वर्षानुवर्षं ऐकलेला. मी ‘पाहिलं’ खोडून ‘आवाज ओळखला’ केलं. ते तसंच राहिलं असतं तर उलटतपासणीत त्या खोट्या पडल्या असत्या, आणि तेही माझ्या शब्दामुळे. त्या दिवशी बाईंची फार आठवण आली.

आता फौजदारी कायदा शिकवते. पहिल्या तासाला अकायेसू खटला घेते. २ सप्टेंबर १९९८ चा हा निकाल, वंशसंहारासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवण्याची पहिली वेळ. आरोपी अकायेसू हा रवांडातल्या ‘ताबा’ नावाच्या कम्यूनचा, म्हणजे स्थानिक प्रशासकीय विभागाचा, प्रमुख. त्याआधी शिक्षक आणि मग शाळा तपासनीस. शाळेच्या स्मरणिकेत हे लिहिताना हात अडखळतो, पण वगळणं बरोबर वाटत नाही.

मूळ दोषारोपपत्रात बलात्काराचा आरोप नव्हताच. एका साक्षीदार स्त्रीने दुसऱ्याच गोष्टीबद्दल सांगताना आपल्या सहा वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचाराचा उल्लेख केला. न्यायपीठाने ते कानाआड केलं नाही, पुढे विचारलं. जून १९९७ मध्ये दोषारोपपत्र दुरुस्त झालं. वंशसंहाराच्या हेतूने केलेला बलात्कार हेही वंशसंहाराचंच कृत्य, हे त्या निकालाने ठरवलं. ती बाई बोलली नसती, किंवा बोलूनही कोणी ऐकलं नसतं, तर?

निकालपत्राचा एक भाग मी सावकाश वाचून घेते. साक्षीदारांनी किन्यारवांडा या रवांडाच्या भाषेतले चार शब्द वापरले होते. त्यातल्या ‘कुर्यामाना’चा शब्दशः अर्थ एका अंथरुणात निजणं, ‘गुफाता कु न्गुफू’चा जबरदस्तीने घेणं. दुभाष्यांनी चारही ठिकाणी ‘बलात्कार’ म्हटलं. न्यायाधीशांनी ते तसंच उचललं नाही. दुभाष्यांकडून एकेका शब्दाचा अर्थ समजून घेतला, संदर्भ तपासला आणि मगच तो अर्थ स्वीकारला.

मी ते शब्द फळ्यावर लिहिते आणि साक्षीचा उतारा वाटते. मुलं लगेच उत्तर लिहितात, ‘बलात्कार.’ उत्तर बरोबरच असतं. मी वह्या गोळा करते आणि समासात लाल शाईने विचारते, ‘कशावरून?’ दुसऱ्या दिवशी तीच वही, तोच उतारा, पुन्हा पहिल्या ओळीपासून.