माहेरी गेली की गळणारी गाडी

पुसदकडून सासरवाडीहून परत येत होतो. दिग्रस मागं पडलं आणि बायकोनं एकदम पाय वर घेतले.

"अहो, माझी चप्पल ओली झाली."

"पावसातून चालत आलीस गाडीपर्यंत, होईल ना ओली."

"गाडीत बसली तेव्हा कोरडी होती. मॅट दाबून पाहा, पचपच करते."

गाडी बाजूला घेतली, उतरून तिच्या बाजूचं मॅट उचललं. खालचा गालिचा अंगठ्यानं दाबला तर गढूळ पाणी वर आलं. पोळ्याला अजून महिना होता. हे पाणी कुठून येतं ते शोधण्यात तो महिना गेला.

आधी गाडीबद्दल. दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे, बियाणं-खतं-औषधाचं. गाडी तीन वर्षांपूर्वी नागपूरहून जुनी घेतली. सनरूफवाली, म्हणजे छतात उघडणारी काच असलेली पाहिजे, हा पोरीचा हट्ट. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्या उन्हात छत उघडून फिरणाऱ्याला लोक सरळ दवाखान्यात नेतील. त्यामुळं आमचं सनरूफ वर्षातून तीनदा उघडतं: दोनदा पोरीसाठी आणि एकदा चुकून बटण दाबलं गेलं म्हणून.

पहिला संशय एसीवर गेला. एसीत जमणारं पाणी एका बारीक नळीनं गाडीखाली पडतं. ती नळी तुंबली की तेच पाणी आत, पुढच्या पायांजवळ उतरतं. पण एसीचं पाणी स्वच्छ असतं. माझ्या मॅटखालचं पाणी नाल्याच्या पाण्यासारखं तांबूस. तरी खात्री करायची म्हणून आठवडाभर एसी लावला नाही. घामाघूम होऊन गावोगाव फिरलो. मधे एकदा सासरवाडीला जाणं झालं, रात्री पाऊस आला आणि सकाळी मॅट पुन्हा ओलं. एसी सुटला.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. तालुक्याला एका गॅरेजवाल्याकडं गेलो. त्यानं वर पाहिलं, म्हणाला, "रबर गेलं भाऊ." आणि काचेच्या चारही बाजूंनी सिलिकॉनची जाड रेघ ओढून दिली. सहाशे रुपये. काच आता उघडणार नाही म्हणाला. मला काही दुःख झालं नाही, पोरीला झालं. सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास असल्यानं त्या दिवसांत दर आठवड्याला तिकडं चक्कर होती. पुढच्या चकरेत गाडी गळली, ती सिलिकॉनसकट. नंतर शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरवर दाखवली. ते म्हणाले, पूर्ण छत उतरवावं लागेल, चौकट बदलावी लागेल, आणि बावीस हजारांचा कागद हातात दिला. तो घडी करून मी खिशात ठेवला आणि घरी आलो.

खरा धागा सापडला तो आईला. गाडीतलं कुत्रं न्हाल्यासारखा वास आता ओसरीपर्यंत यायला लागला होता. आई तांदूळ निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "हे गाडी सुनेच्या माहेरी गेली का रडते. इथं त नाही रडत कधी."

बायको आतून म्हणाली, "मी नाही हो रडत, गाडीच रडते."

हसण्यावारी नेलं, पण रात्री ते डोक्यात घोळत राहिलं. पाऊस तर दारव्ह्यालाही पडतो. आमच्या मंडळात त्याच पंधरवड्यात एका रात्री ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. २४ तासांत तेवढा झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, त्यामुळं दुकानात दिवसभर तीच चर्चा होती. त्या रात्री गाडी दुकानासमोर उभी होती आणि आत टिपूसही नव्हता. मी बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली: तारीख, पाऊस, गाडी कुठं उभी, मॅट कसं. पाचच नोंदी झाल्या असतील. दुकानासमोर रस्ता उंच, गाडीचं तोंड वर: कोरडं. घरी अंगण सपाट: कोरडं, एकदा किंचित दमट. सासरी अंगण नाल्याकडं उतरतं, गाडीचं तोंड खाली: ओलं, दोन्ही वेळा.

म्हणजे पाणी वरच कुठंतरी साचत होतं आणि गाडी पुढं झुकली की सांडत होतं.

इथं एक गोष्ट मला नवी कळली आणि सगळा घोटाळा त्यातच होता. सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी आत जाणार हे धरूनच ते बनवलेलं असतं. काचेखाली चौकटीत चारी बाजूंनी पन्हळ असते, तिच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, आणि प्रत्येक भोकाला करंगळीहून बारीक नळी. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. पाणी थेट रस्त्यावर. मी काच टेपनं मोजली, ८० सेंटिमीटर बाय ५०. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ६५ मिलिमीटरच्या रात्री एवढ्याशा काचेवरच २६ लिटर पाणी पडतं. त्यातलं बरंचसं बाहेरून वाहून जात असेल, पण दोन लिटर जरी पन्हळीत उतरलं आणि पुढचं भोक बंद असेल, तर ते छताच्या कापडावर चढतं, खांबातून उतरतं आणि बायकोच्या चपलेत येतं.

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे आपल्या पांदणीतला रपटा." रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. मागच्या साली त्याच्याखालच्या पाइपात कापसाच्या पऱ्हाट्या अडकल्या होत्या. नाल्याचं पाणी रपट्याखालून न जाता बाजूनं आमच्या वावरात घुसलं आणि दोन एकरांतलं सोयाबीन पिवळं पडलं. "तेव्हा तू रपट्यावर सिमेंट टाकलं होतं का?" सिलिकॉनचे सहाशे रुपये त्यांच्या चांगले लक्षात होते.

सिलिकॉन काढायला अर्धा दिवस गेला. प्लास्टिकची जुनी पट्टी घेऊन नखानं सोलावं तसं सोललं. काच उघडली आणि पन्हळ पाहिली तेव्हा लाज वाटली. दुकानासमोर मोठा कडूनिंब आहे, गाडी तीन वर्षं त्याच्याच सावलीत. चैत्रातला बारीक पांढरा फुलोरा, पानांच्या काड्या, पांदणीची धूळ, सगळं काळ्या मातीत कालवून थापल्यासारखं बसलं होतं. एका कोपऱ्यात निंबोळीला कोंब फुटला होता. ओल्या फडक्यानं पुसून काढलं.

मग तपासणी. जनावरांना औषध पाजायची पन्नास मिलीची सिरिंज दुकानात असतेच. उजव्या पुढच्या भोकात हळूहळू पाणी सोडलं. पोरीला खाली वाकून बसवलं होतं, ती ओरडली, "आलं बाबा, चाकाच्या मागून!" मागची दोन्हीही वाहती होती. डाव्या पुढच्या भोकात सोडलं, ते तिथंच डबकं करून राहिलं. पोरगी खालून विचारत राहिली, "सोडलं का?"

इथवर सगळं नीट झालं होतं. पुढचं मी बिघडवलं. घाई होती, समोर पंक्चरवाल्याचा कंप्रेसर होता. त्याचं नोझल भोकाला लावलं आणि हवा मारली. आत कुठंतरी 'फट्' झालं. मी खूश, मोकळं झालं म्हणून. सिरिंजनं पाणी सोडलं, ते झर्रकन गेलं. खालून पोरगी म्हणाली, "नाही आलं." आणि आत सीटवर बसलेली बायको म्हणाली, "माझ्या मांडीवर आलं."

हवेच्या दाबानं नळी वरच्या तोटीवरून निसटली होती. आता गाडी माहेरीच काय, कुठंही गळणार होती.

भाच्याला फोन केला. त्यानं यवतमाळला आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला आहे. तो रविवारी आला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, हवा काहून मारली? बोळा खाली अन् दाब वरून, नळी नाही तर काय निसटन?" मी खांबावरचं प्लास्टिक उचकटायला गेलो तर त्यानं हात धरला. आमच्या गाडीत छताच्या कडेला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे, तिचा एक भाग त्या खांबापाशी येतो. त्यानं आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, चहा मागितला, चहा सावकाश प्याला आणि मगच प्लास्टिकला हात लावला. तो चहा म्हणजे एअरबॅग चुकून उघडू नये म्हणून थांबायचा वेळ होता, हे मला नंतर कळलं.

बोळा खालच्या टोकाला होता. डाव्या चाकावरचं आतलं प्लास्टिक सैल करून त्यानं हात घातला आणि नळीचं तोंड ओढून काढलं. तोंडाला बदकाच्या चोचीसारखं मऊ रबर असतं, पाणी बाहेर जावं आणि बाहेरची धूळ-किडे आत येऊ नयेत म्हणून. ती चोच मातीनं शिवल्यासारखी बंद. मोकळं करायला त्यानं तार मागितली नाही. तारेनं नळीला भोक पडतं. माझ्याकडं गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी होती. तिचं टोक लायटरनं तापवून गोल केलं आणि वरून हळूहळू सारलं. दोन-तीनदा आतबाहेर केल्यावर खालून एक वस्तू सरकत आली.

वात होती. समईची असते तशी, वीतभर लांब, काळीकुट्ट. दुकानासमोर हिवाळाभर कापसाच्या गाड्या उभ्या असतात, रुई उडत असते. ती पन्हळीत बसून, पाण्यासोबत नळीत उतरून, धुळीनं वळली गेली होती. जन्मभर मी कापसाचं बियाणं विकतो. आईनं ती वात हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "मह्या हातची इतकी चांगली वयल्या जात नाही."

वरची निसटलेली नळी पुन्हा तोटीवर बसवायला छताचं कापड कोपऱ्यात थोडं खाली घ्यावं लागलं. नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, तोटीवर चढवलं, वरून बारीक क्लिप आवळली. सिरिंज लावली. पोरगी ओरडली, "आलं!"

सगळ्यात जास्त वेळ मात्र गालिच्यानं खाल्ला. मला वाटलं होतं वरून पुसलं की झालं. भाच्यानं सीटचे चार बोल्ट काढून सीट बाहेर घेतली (बॅटरी तेव्हाही सुटलेलीच, सीटखालीही वायरी असतात) आणि गालिचा उचलला. खाली चार बोटं जाड स्पंज. तो पिळला तर अर्धी बादली पाणी निघालं, त्या वासाचं वर्णन करत नाही. पावसाळ्यात तो वाळवायचा कसा? उघाड मिळाली की अंगणात बाजेवर टाकायचा, ढग आले की ओसरीत ओढायचा. चौथ्या दिवशी खडखडीत वाळला. मधे एक दुपार शेजारच्या बकरीनं त्यावर झोप काढली, तेवढं नुकसान धरलं पाहिजे.

भाच्यानं पैसे घेतले नाहीत. त्याच्या आईसाठी, म्हणजे माझ्या बहिणीसाठी, तुरीची डाळ नेली. क्लिपचे वीस रुपये. गाडी आता निंबाखाली लावत नाही, टिनाच्या शेडमध्ये जागा केली आहे. मृगाच्या आधी आणि कापूस उरकल्यावर पन्हळ पुसायची असं बिलबुकातच लिहून ठेवलं आहे.

पोळ्याला सासरवाडीला गेलो. मुद्दाम त्याच जागी, नाल्याकडं तोंड करून गाडी लावली. बैल दारी येऊन पूजा होऊन गेले आणि रात्री पावसानं धो धो सुरुवात केली. मला झोप नव्हती. पहाटे तान्ह्या पोळ्यासाठी पोरं लाकडी बैल धूत होती, तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, बायकोला सांगत होत्या.

"अवं, जावयाची गाडी पुन्हा गयून राह्यली! चाकाच्या मांगून धार लागली!"

मी अनवाणीच पळालो. दार उघडून मॅटवर तळहात टेकवला. कोरडं. मग तसाच उभा राहून चाकामागची ती धार बघत बसलो. सासूबाई घमेलं घेऊन आल्या होत्या, धारेखाली ठेवायला.

"राहू द्या आई," म्हटलं, "गळू द्या."

त्यांनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं डोळ्यांनीच खूण केली की काही विचारू नका.