गाजर, काकडी आणि शेपूचं डिप
शनिवारी आठ जण जेवायला होते आणि तळण करायचा जाम कंटाळा आलेला, म्हटलं कच्च्या भाज्या कापू आणि सोबत डिप ठेवू, झालं स्टार्टर. अर्धा किलो दही आदल्या रात्रीच फडक्यात टांगलेलं, सकाळी मस्त चक्का, त्यात ठेचलेला लसूण, मिरपूड, मीठ आणि बारीक चिरलेला शेपू, हो शेपूच, एरवी भाजी केली की नाक मुरडणारे तेच लोक वाटी पुसून खात होते! गाजराचे लांब तुकडे अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, कट्कन मोडतात. काकडीला मात्र आधी मीठ लावू नका, मी लावलं आणि ताटात नुसतं पाणी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही कोशिंबीरच की, कालवायची तेवढी राहिलीये."