घोडीवर बसायच्या आधी दोरीवरची कामं

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून घोडं घरी आलं की सगळ्यांना एकच घाई, बसायचं कधी. भाचे-पुतणे मोबाईल काढून तयार, शेजारचा म्हणतो एक चक्कर मला पण, आणि ज्याने लग्नाच्या धंद्यासाठी घोडी घेतलीय त्याच्या डोक्यात तर सुपाऱ्यांचा हिशोब आधीच चालू झालेला असतो. मला विचाराल तर यात्रा दत्तजयंतीला असते हे फार सोयीचं आहे, कारण मार्गशीर्ष पौर्णिमा झाली की पुढे पौष लागतो, पौषात लग्नं नसतात, थंडी असते, सकाळी तापीकाठची हवा अशी की घोडं पण ताजं आणि माणूस पण ताजा. हा महिना पाठीवर न बसता खाली उभं राहून शिकवण्यात घालवायचा, हातात दोरी धरून, बस. यूट्यूबवर ग्राउंडवर्क टाकलं की ढिगाने व्हिडिओ येतात पण ते सगळे मोठाल्या लोखंडी रिंगणातले, आपल्याकडे खळं आणि दावं, म्हणून आपल्या हिशोबाने लिहितोय.

खान्देशात बैलाची समज सगळ्यांना आहे. गोऱ्हा कसा शिकवायचा, वेसण कधी घालायची, जू कधी ठेवायचं हे पोरांना पण माहीत. अडचण तिथेच होते. वेसणीचा झटका बैल ऐकून घेतो, घोडं झटक्याने फक्त घाबरतं आणि घाबरलं की त्याला एकच सुचतं, पळायचं. पळता नाही आलं तर मग लाथ नाहीतर दात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ 350 अंशांतलं त्याला दिसतं, दिसत नाही ते फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं. आणि आपण काय करतो, सरळ समोरून जातो आणि कपाळावर थाप मारतो, का तर लाडाने. त्याला तो हात दिसतच नाही शेवटच्या क्षणी, मग मान झटकते आणि आपण म्हणतो घोडी तोंडाची कडक आहे.

तर पहिले काही दिवस शिकवायचंच नाही. पिकअपमधून उभ्याने आलेलं जनावर असतं, गाव नवा, पाणी नवं. विकणाऱ्याला विचारून घ्या तो काय खाऊ घालत होता, हरभरा किती, बाजरी किती, कडबा कसला, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू आपल्या चाऱ्यावर आणा. एका दिवसात दाणा बदलला की पोट दुखायला लागतं, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्याची पोटदुखी म्हणजे जिवावरचं काम. तोवर फक्त जवळ बसायचं, खरारा करायचा, आणि जायचं ते वळसा घेऊन खांद्याकडून. आयाळ जिथे संपते तिथे जो उंचवटा असतो तिथे खाजवा. घोडी एकमेकींना दातांनी तिथेच खाजवतात बघा, चरताना. 1993 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात. थाप मारण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, पण आपल्याला आवाज केल्याशिवाय लाड केल्यासारखं वाटतच नाही.

आता सामान. लगाम लागत नाही, उलट तोंडात काहीच नको. मऊ जाड सुताची मोहरकी, म्हणजे तोंडात न जाता डोक्याला बांधतात ती, आणि बारा-चौदा फुटांची दोरी, नायलॉनची नको, हात कापते. दोरी हाताला कधीच गुंडाळायची नाही, घडी करून मुठीत धरायची, गुंडाळलेली दोरी आणि उधळलेलं घोडं यात बोटं जातात. आणि ते काटेरी लगाम, जे यात्रेत अजून पण मिळतात, त्यांना 1965 सालच्या केंद्राच्या नियमांत बंदी आहे हे किती जणांना माहीत असतं देव जाणे. जिभेवर आणि हिरडीवर जखम झालेलं घोडं थांबतं ते दुखतं म्हणून, एक दिवस दुखण्यापेक्षा भीती मोठी झाली की मग त्या काट्यांचा पण उपयोग होत नाही.

सगळ्यात आधी मान खाली घ्यायला शिकवा. मोहरकीला धरून दोरी अगदी हलकी खाली ओढायची, म्हणजे ओढायची पण नाही, नुसतं वजन द्यायचं आणि तसंच धरून ठेवायचं. घोडी मान वर करेल, बाजूला करेल, तुम्ही वाढवू पण नका आणि सोडू पण नका. कधीतरी ती एक बोटभर खाली येते. तेव्हाच, त्याच क्षणाला, दोरी ढिली. एवढंच आहे सगळं. सगळं ट्रेनिंग या एका गोष्टीवर उभं आहे, ओढल्याने घोडं शिकत नाही, सोडल्यावर शिकतं. आपण ज्या क्षणी सोडतो त्याच्या आधी ते जे करत होतं तेच त्याला बरोबर उत्तर वाटतं. म्हणजे घोडीने मान झटकली, तुम्ही दचकून दोरी सोडली, की तुम्ही तिला मान झटकायला शिकवलं. ती हट्टी वगैरे काही नाही, तुमचा धडा तिने पाठ केला. सेकंद-दोन सेकंद उशीर झाला तरी गडबड होते, म्हणून दोरी बोटांना कळली पाहिजे, संक्रांतीच्या पतंगाचा मांजा कळतो तशी.

आमच्या गावात एक नाना आहेत, हयात घोड्यांत गेली. मी एकदा तासभर खळ्यावर लागलो होतो तर बांधावरून म्हणे, "घोडाले घाई नही रे भो, घाई तुले शे." बरोबरच होतं. पंधरा-वीस मिनिटं खूप झाली, आणि थांबायचं ते काम चांगलं झालेलं असताना. आपल्याला उलट वाटतं, जमलं ना, मग अजून दोनदा करू, आणि तिसऱ्यांदा बिघडतं.

मान खाली येते म्हटल्यावर मागे सरकवा. समोर पण थोडं बाजूला उभं राहायचं, दोरी घोडीच्या छातीकडे हलकी दाबायची किंवा दोरीचं टोक जरा हलवायचं, एक पाऊल मागे गेलं की सोड. एक पाऊल. सुरुवातीला चार मागायची नाहीत. हे शिकलेलं घोडं दाण्याच्या घमेल्यावर अंगावर येत नाही, आणि माझ्या मते घरात लहान पोरं असतील तर बाकी काही नाही शिकवलं तरी एवढं शिकवाच. मग पुठ्ठा वळवणं, म्हणजे पुढचे पाय जागेवर आणि मागचा भाग तुमच्यापासून लांब. मान थोडी तुमच्याकडे वळवून घ्यायची, आणि बरगडीच्या मागे, जिथे पुढे टाच लागणार असते तिथे, दोन बोटांनी दाबायचं. हे फार कामाचं आहे कारण घोड्याचं इंजिन मागे असतं. मागचे पाय एकमेकांना ओलांडून आडवे जायला लागले की त्याला सरळ उधळता येत नाही, वर बसल्यावर कधी बिथरलंच तर हाच ब्रेक. दोन्ही बाजूंनी करा बरं का. सगळे लोक डाव्या बाजूनेच सगळं करतात, मग उजवीकडून कोणी आलं की तेच घोडं नवं असल्यासारखं वागतं.

चालवणं तर सगळ्यांना येतं असं वाटतं, पण यात्रेत बघा, माणूस पुढे ओढतोय आणि घोडं मागे ताणतंय, नाहीतर घोडं पुढे आणि माणूस मागे लटकलेला. तुम्ही त्याच्या खांद्याशी, दोरी ढिली, तुम्ही थांबलात की ते थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर काही बोलायचं नाही, एक-दोन पावलं मागे सरकवायचं आणि परत चालायला लागायचं. थोड्या वेळाने ते तुमच्या खांद्याकडे बघायला लागतं, तुम्ही थांबायच्या आधीच त्याला कळतं. यात जादू नाही. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, गणितं सोडवायचा म्हणे, खुराने टकटक करून उत्तर द्यायचा, लोक तिकडे गर्दी करायचे. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शोधून काढलं की त्याला गणित येत नव्हतं, विचारणारा माणूस उत्तर जवळ आलं की डोकं आणि अंग नकळत जरासं हलवायचा आणि घोडा तेवढं बघून थांबायचा. माणसाला स्वतःला माहीत नव्हतं आपण हललो. म्हणून मी म्हणतो, घरात भांडण करून खळ्यावर जाऊ नका, तुमचे खांदे तिला आधीच सगळं सांगून बसतात.

खळ्यावर गोल फिरवण्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्याचं फार फॅड झालंय. लहान गोलात सारखं पळवलं की सांध्यांवर ताण येतो आणि घोडं फक्त दमतं, शिकत काही नाही. दोन-चार फेऱ्या, दिशा बदल, थांब, झालं.

पाय उचलणं मात्र वेळ देऊन करा, कारण नालबंद येतो तेव्हा त्याला घाई असते आणि मग नाकाला फास लावतात. खांद्यापासून हात घासत खाली न्यायचा, मध्ये कुठे ती दचकली तर तिथेच हात ठेवून थांबायचं, शांत झाली की हात काढायचा. बघा, परत तेच, सोडण्याची वेळ. पाय उचलला की सुरुवातीला एक क्षण धरून आपणच खाली ठेवायचा, तिने हिसकायच्या आधी. मागच्या पायाला पुठ्ठ्याला चिकटून उभं राहायचं, हातभर लांब उभं राहिलात तर लाथ पूर्ण जोरात बसते, चिकटून असलात तर नुसता धक्का लागतो.

आता लग्नाच्या घोडीचं खरं काम, आवाज आणि झगमग. घोड्याला आपल्यापेक्षा बारीक आवाज ऐकू येतात, आपण 20 किलोहर्ट्झला थांबतो ते 33 पर्यंत जातं, त्यामुळे डीजे त्याला काय वाटत असेल विचार करा. लोक काय करतात, बांधून ठेवतात आणि शेजारी फटाके लावतात, म्हणे सवय होईल. सवय होत नाही, घोडं आतून गोठतं, उभं राहतं, आणि एक दिवस नवरदेवासकट जातं. खताची रिकामी गोणी घ्या. लांब उभं राहून हलवा, एवढ्या लांब की तिने फक्त कान वळवले पाहिजेत. ती बघत राहिली, श्वास सोडला, मान जरा खाली आली की गोणी खाली आणि तुम्ही मागे. मग थोडं जवळ. परत मागे. गोणी अंगाला लागेपर्यंत असंच, खांद्यापासून सुरू, डोकं सगळ्यात शेवटी. एक गंमत करता येते, गोणी हातात घेऊन आपण पुढे चालायचं आणि घोडीला मागून यायला लावायचं, ज्याचा पाठलाग करता येतो त्याची भीती लवकर जाते. आवाजाला पण तेच, स्पीकर शेताच्या दुसऱ्या टोकाला, आवाज कमी, ती चरत असताना. कुठल्याही दिवशी ती दाणा खायची थांबली म्हणजे तुम्ही जास्त जवळ आलात, दोन पावलं मागे घ्या.

वयाचं एक सांगायचं राहिलं. दोनदाती म्हणजे साधारण अडीच वर्षांचं, चारदाती साडेतीनचं, आणि पाठीच्या मणक्यांची हाडं पूर्ण पक्की व्हायला पाच वर्षांच्या वर लागतात. दोनदातीवर मोठा माणूस बसवणारे लोक मी रोज बघतो, उंची दिसली की त्यांना वाटतं झालं तयार. वर लिहिलेली सगळी कामं मात्र शिंगरालाही शिकवता येतात, वजन पडत नाही ना कुठे.

आणि अजून घ्यायचंय, पुढच्या यात्रेला जाणार आहात, तर बघताना एवढं करा. देवमण बघा, भोवरे बघा, पंचकल्याणी आहे का बघा, या शुभ-अशुभ मानलेल्या खुणांबद्दल माझं काही म्हणणं नाही, घरच्या म्हाताऱ्यांचं समाधान असतं त्यात. पण नंतर मालकाला म्हणा भाऊ जरा लगाम काढून मोहरकीवर चालवून दाखव, मागचा पाय उचलून दाखव, दोन पावलं मागे घे. नाचून दाखवायची गरज नाही, ढोलकीवर सगळेच नाचवतात. उजव्या बाजूने आपण स्वतः खांद्यापर्यंत जाऊन बघा कान मागे पडतात का. तोंड उघडून ओठांच्या कोपऱ्यात जुने व्रण आहेत का बघा, आणि संध्याकाळी परत एकदा जा, न सांगता, कारण सकाळी शांत दिसलेलं घोडं दिवसभर उन्हात दमवून ठेवलेलं पण असू शकतं.