पोर्टल उघडण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू आणि पैसे यांचा मेळ घालून संघ बांधणारा माणूस, हे पद अगदी अलीकडचं. ड्यूक विद्यापीठाने २०२२ मध्ये नाइकीत काम केलेल्या रेचल बेकर यांना नेमलं, तर २०२४ मध्ये एड्रियन वोज्नारोव्स्की पत्रकारिता सोडून सेंट बोनाव्हेंचर विद्यापीठात याच पदावर गेले. गरज कशातून आली ते सरळ आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागली, २०२४ मध्ये कितीही वेळा कॉलेज बदललं तरी लगेच खेळायची मुभा मिळाली आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजं स्वतःच पैसे देऊ लागली. संघ दरवर्षी नव्याने बांधावा लागतो, आणि सामने चालू असताना कोचला ते झेपत नाही.

२०२५-२६ साठी एका कॉलेजने खेळाडूंना द्यायच्या पैशांची कमाल मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर ठरली, पण ती सगळ्या खेळांसाठी मिळून. अमेरिकन फुटबॉल असलेल्या मोठ्या कॉलेजात सिंहाचा वाटा तिकडेच जातो. समजा बास्केटबॉलच्या वाट्याला ३० लाख आले. जागा १५. पहिल्या तिघांना सहा-सहा लाख दिले की १८ गेले. पुढच्या पाच जणांना १ लाख ८० हजारांप्रमाणे ९ लाख. उरलेल्या सात जागांसाठी हातात फक्त ३ लाख राहतात. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते: पहिल्याच आठवड्यात एका उंच सेंटरवर जास्तीचे दोन लाख उधळले जातात आणि मेमध्ये बदली पॉइंट गार्डसाठी (चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणाऱ्यासाठी) पैसेच उरत नाहीत.

म्हणून चांगला मॅनेजर आधी आपल्याच मुलांचा हिशेब मांडतो. कोण राहणार, कोणाला किती हवेत, कोण गेला तर चालेल. हे फेब्रुवारीतच ठरलेलं हवं. २०२५ मध्ये पुरुषांचं पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नावनोंदणी, २४ मार्चला उघडलं आणि ३० दिवस चाललं. अशा वेळी नावं शोधत बसायला सवड नसते. प्रत्येक जागेसाठी पाच-सहा पर्याय, त्यांचे व्हिडिओ, आकडे आणि अंदाजे किंमत तयार ठेवायची. मात्र नाव पोर्टलमध्ये येण्याआधी त्या खेळाडूशी बोलणं नियमबाह्य आहे, मध्यस्थामार्फत बोललं तरीही. त्याला पळवाट नाही.

एजंटने सांगितलेल्या ‘दुसऱ्या कॉलेजच्या ऑफर’वर मी तरी कधीच किंमत ठरवू देणार नाही. आपल्या तक्त्यात त्या जागेचं मोल किती, तेवढंच बोलायचं.

होकार मिळाला तरी कागदपत्रांत घोडं अडतं. चौथ्या वर्षात शिरणाऱ्या खेळाडूची पदवी ६० टक्के पूर्ण असावी लागते. नव्या कॉलेजने जुने क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) धरले नाहीत तर तो बाकावरच. म्हणून गुणपत्रक पहिल्याच दिवशी मागवून कॉलेजच्या अभ्यास विभागाकडून तपासून घ्यावं. परदेशी खेळाडू एफ-१ व्हिसावर असेल तर कमाईवर कडक बंधनं असतात, तेव्हा वकिलाशिवाय आकडा उच्चारू नये. बाहेरच्या कंपनीचा ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार असेल तर तो ‘एनआयएल गो’ या असे करार तपासणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. तो नाकारला गेला तर खेळाडू ती रक्कम तुमच्याकडेच मागायला येतो. त्यामुळे कॉलेज देणार ते पैसे आणि बाहेरून येऊ शकतील ते पैसे करारात वेगळे लिहा, हप्ते महिन्याचे ठेवा आणि मध्येच सोडून गेल्यास किती परत करायचे ते कलम सहीआधी खेळाडूच्या पालकांसमोर वाचून दाखवा.