एका अँपवर स्पीकरच्या दोन जोड्या: वायर ओढण्याआधी ओहम मोजा

हॉलमध्ये स्पीकरची एक जोडी आहेच, आता दुसरी स्वयंपाकघरात हवी. वायर ओढली की झालं, असं वाटतं. पण त्याआधी एक छोटं गणित करावंच लागतं.

अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, स्पीकर किती आहेत ते कळत नाही, त्याला कळतो फक्त ओहममध्ये मोजला जाणारा एकूण रोध. एकाच चॅनलवर (डाव्या किंवा उजव्या बाजूवर) 8 ओहमचे दोन स्पीकर पॅरलल, म्हणजे दोन्ही त्याच प्लस-मायनसला, जोडले की 4 ओहम होतात. 8 आणि 6 जोडले तर गुणाकार भागिले बेरीज, म्हणजे 48 भागिले 14, साधारण 3.4. रोध निम्मा झाला की त्याच व्हॉल्यूमला अँपमधून दुप्पट करंट जातो, आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात आणि प्रोटेक्शन (अँपला वाचवणारं सर्किट) असेल तर आवाज अचानक तुटतो. हळू आवाजात हे लक्षातही येत नाही. घरात कार्यक्रम असतो, आवाज तासभर चढा असतो, तेव्हा नेमकं घडतं.

अँपवर ए आणि बी अशी दोन आउटपुटं असतील तर मागे छापलेलं नीट वाचा. ‘ए किंवा बी: 4 ते 16 ओहम, ए+बी: 8 ते 16 ओहम’ असं लिहिलं असेल, तर दोन्ही जोड्या एकदम चालवताना प्रत्येक स्पीकर किमान 8 ओहमचाच हवा. लेबल निघून गेलं असेल तर अँपपासून सोडवलेला स्पीकर मल्टिमीटरने मोजा. 8 ओहमचा स्पीकर बहुधा साडेपाच ते सात दाखवतो, 4 ओहमचा तीन ते चारच्या आसपास. प्रोब एकमेकांना टेकवल्यावर येणारा आकडा त्यातून वजा करा.

‘मग सिरीजच करू’, म्हणजे स्पीकर एकामागून एक जोडू, हा सल्ला सर्रास मिळतो. 8 अधिक 8 म्हणजे 16, अँप सुखरूप. पण स्पीकरचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. 8 ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर बेसमध्ये एखाद्या ठिकाणी 20-30 ओहमपर्यंत चढतो. सिरीजमध्ये व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं, त्यामुळे एका स्पीकरचा चढउतार दुसऱ्याचा आवाज बिघडवतो. दोन्ही एकाच मॉडेलचे असतील तर वाटणी बरोबर निम्मी होते, तेव्हा चालेल. वेगवेगळे असतील तर सिरीज करूच नका.

पॅरललमध्येही एक अडचण राहते. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक सिग्नलला स्पीकर किती मोठा वाजतो ते. 89 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर 86 वाल्यापेक्षा तेवढ्याच व्होल्टेजला 3 डेसिबल मोठा वाजतो, म्हणजे 86 वाल्याला दुप्पट पॉवर दिल्याइतका फरक. स्वयंपाकघरात 8 ओहमचा स्टीरिओ एल-पॅड (स्पीकरच्या वायरीत बसणारा व्हॉल्यूम नॉब) बसवला की तिथला आवाज वेगळा कमी करता येतो आणि अँपला दिसणारा रोध फारसा बदलत नाही.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या खोलीसाठी दुसरा छोटा अँपच घ्या. पहिल्याच्या प्री-आउटमधून (व्हॉल्यूम नॉबनंतरच्या आउटपुटमधून) सिग्नल दिला तर व्हॉल्यूम एकाच ठिकाणी राहतो, टेप-आउटमधून (नॉबच्या आधीच्या आउटपुटमधून) दिला तर दोन्हीकडचा वेगवेगळा. दोन अँपची आउटपुटं एकाच स्पीकरला कधीही जोडू नका. आणि टीपीए3116 सारख्या चिपच्या स्वस्त अँपमध्ये स्पीकरची काळी वायर ग्राउंड नसते, तिच्यावरही सिग्नल असतो. डाव्या-उजव्याचं मायनस एकत्र करणारा सिलेक्टर बॉक्स (स्पीकरच्या जोड्या निवडायचा स्विच) त्यावर लावला की थेट शॉर्ट.

वायरबाबत: 10 मीटर अंतराला दीड स्क्वेअर एमएम तांब्याची वायर जाऊन-येऊन सुमारे 0.24 ओहम रोध घालते, अडीचची 0.15. स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत राहायचं असेल तर 4 ओहमला अडीचचीच लागेल, 8 ला दीडची पुरते.

वायर बसल्यावर अँपची बाजू मोकळी असतानाच दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. प्लसला प्लस लागलं की वूफरचा (बेस वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा) कोन बाहेर यायला हवा. एक जरी स्पीकर उलटा असला तरी बेस गायब होतो आणि गायकाचा आवाज मधोमध उभा राहत नाही.

दोन्ही जोड्या एकाच खोलीत ठेवायच्या असतील तर फार अपेक्षा धरू नका. एकाच बाजूच्या दोन स्पीकरपासून कानापर्यंतच्या अंतरात 34 सेंटिमीटरचा फरक पडला तर 500 आणि 1500 हर्ट्झजवळ ते एकमेकांना मारतात, आणि गाण्याचा बराचसा गाभा याच पट्ट्यात असतो. ठेवायचेच असतील तर एकावर एक रचा, वरचा उलटा करून, म्हणजे दोन्ही ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारे छोटे भाग) शेजारी येतील.