गोळी किती, केव्हा आणि कशी

औषधाच्या पाकिटावर घटकाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत, किंमत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करू नये अशी सूचना असते. गोळी आपण केव्हा घ्यायची हे मात्र रुग्णाला त्यावरून सहसा कळत नाही. ते कळते चिठ्ठीवरून आणि काउंटरवर आम्ही पाकिटामागे पेनने जे खरडतो त्यावरून. पुण्यात औषधविक्रेता म्हणून काम करताना मला हे खरडणे औषध देण्याइतकेच जबाबदारीचे वाटते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनीही रुग्णाला समजावून सांगणे हे आमचे कर्तव्य मानले आहे.

२००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना कमी साक्षरता असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी बरोबर सांगितली, पण दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवणे जेमतेम ३५ टक्क्यांना जमले. गुणाकार रुग्णावर सोपवूच नये. 'सकाळी २, रात्री २' असे लिहावे आणि 'जेवणानंतर' किंवा 'उपाशीपोटी' हेही त्याच ओळीत यावे. डॉक्टरांचे '१-०-१' सरावलेल्या माणसाला पुरते, पण पहिल्यांदाच मधुमेहाची गोळी सुरू होणाऱ्या आजींना त्यातला शून्य दुपारचा आहे हे कोणीतरी सांगावेच लागते.

सर्वांत जास्त काळजी मला मेथोट्रेक्सेटची वाटते. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली, तर तोंडात फोड येतात, रक्तातील पेशी घटतात आणि जीवावर बेतू शकते. इतर सगळ्या गोळ्या रोजच्या असल्यामुळे हीही रोजचीच, असे घरच्यांना वाटणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून डॉक्टरांनी ठरवलेला वार मी मोठ्या अक्षरांत लिहितो, 'फक्त सोमवारी, रोज नाही', आणि मग विचारतो, "काकू, घरी गेल्यावर ही कशी घ्याल, मला सांगा बरं." 'समजलं का?' या प्रश्नाला रांगेत उभा असलेला माणूस हमखास 'हो' म्हणतो. त्यातून काहीच कळत नाही.

मुलांच्या पातळ औषधाला घरातला चमचा नको, बाटलीसोबतचे मापाचे झाकण घ्यावे आणि त्यावर ५ मिलिलिटरची रेघ पेनने ठळक करून द्यावी. पाकीट कापून द्यायचे असेल, तर नाव आणि मुदत दोन्ही तुकड्यांवर सहसा राहत नाहीत. तेव्हा ती कागदी पिशवीवर लिहून द्यावीत.