मोठा तलाव, वेगवेगळे मासे: पाणी उतरतानाची नोंद

पाणी उतरणीला लागलंय. काठचं बुडालेलं गवत अर्धं उघडं पडलंय, उथळ फाट्यांतलं पाणी दुपारी कोमट होतंय आणि मासे एका जागी राहिलेले नाहीत. मागच्या नोंदीत सगळा भर आमिषावर होता. या टप्प्यात आमिष जवळजवळ तेच ठेवलं आणि फक्त खोली बदलत गेलो. आमिषापेक्षा खोलीनेच जास्त फरक पडतो, असं आता ठामपणे म्हणता येईल.

कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, हे पाठ नसलेला गळवाला सापडायचा नाही. तरीही तिघांसाठी एकच स्प्रिंग (आमिषाचा गोळा धरून ठेवणारं तारेचं वेटोळं) तळाला टाकून बसायचं आणि मग ‘या तलावात कटला लागत नाही’ म्हणायचं, हे सर्रास चालतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो पाण्यात तरंगणारं बारीक खाद्य गाळून खातो. तळाच्या चिखलात बसलेला गोळा त्याच्या कामाचाच नाही.

म्हणून आधी खोली मोजायची. सरकता तरंगा, वर दोऱ्याची थांबगाठ आणि खाली तरंग्याला सहज बुडवेल असं ३० ग्रॅमचं शिसं. टाकल्यावर तरंगा बुडाला तर गाठ वर सरकवायची. तो पृष्ठभागावर जेमतेम दिसू लागला की गाठ ते शिसं हे अंतर म्हणजे खोली. मोठ्या तलावात दहा पावलांवर तळ बदलतो, त्यामुळे एकाच जागेवरून डावीकडे, समोर आणि उजवीकडे असं तिन्ही बाजूंना मोजून घ्यावं. कडक उन्हाळ्यात वारा पडलेला असेल तर खोल भागात गरम पाण्याचा थर वर राहतो आणि खालच्या थंड पाण्यात प्राणवायू कमी होत जातो. अशा वेळी १२ मीटरवर टाकलेलं आमिष रिकाम्या पाण्यात पडतं. तळावरच्या माशांसाठी ३ ते ५ मीटरची कड शोधलेली बरी.

कटल्यासाठी सध्याची जुळणी अशी: ०.३० मिलिमीटर नायलॉन, सरकता तरंगा, २० ग्रॅमची स्प्रिंग आणि तिच्याभोवती ५-६ सेंटिमीटरच्या मऊ वेणीच्या दोऱ्यांवर ४ नंबरचे तीन गळ. स्प्रिंग पृष्ठभागाखाली दीड ते अडीच मीटरवर. तरंग्याचं टोक फक्त २-३ सेंटिमीटर बाहेर राहील इतकाच भार ठेवायचा. कटला गोळा खालून उचलतो तेव्हा भार हलका होतो आणि टोक बुडण्याऐवजी वर येतं, कधी तरंगा आडवाच पडतो. बुडण्याची वाट पाहणारा इथेच मासा घालवतो. झटका मात्र जोराचा नको. कटल्याचं तोंड मऊ असतं, फाटतं.

गोळ्याचं प्रमाण: भाजलेली शेंगदाणा पेंड २ वाट्या, तांदळाचा कोंडा १ वाटी, मैदा १ वाटी. पाणी चमच्याचमच्याने घालायचं आणि १५ मिनिटं झाकून ठेवायचं, कारण कोंडा पाणी सावकाश पितो. मग बादलीत चाचणी. कटल्याचा गोळा दोन-तीन मिनिटांत सुटू लागला पाहिजे आणि त्याचा धुरळा पाण्यात तरंगत राहिला पाहिजे. मृगळासाठी अर्धी वाटी मैदा जास्त घालून चांगलं मळायचं, म्हणजे गोळा अख्खा तळाला पोचतो. कटल्याचं मिश्रण मात्र मळू नये, बोटांनी नुसतं दाबावं. जास्त मळलं की मैद्याला चिवटपणा येतो, गोळा दगडासारखा राहतो आणि गळ त्यातच अडकून बसतात. मासा चाचपून निघून जातो, आपल्याला कळतही नाही.

वाऱ्याचा प्रश्न लहान तळ्यात जाणवत नाही, इथे तोच सगळ्यात मोठा. वारा वरचं पाणी ज्या काठाकडे ढकलतो तिथे तरंगतं खाद्य जमतं आणि कटलाही तिकडे जातो. पण तो काठ म्हणजे तोंडावर वारा. तिथे वरचं पाणी आपल्याकडे येतं आणि खालून परतीचा प्रवाह उलट दिशेने जातो, त्यामुळे तरंगा एकीकडे, गोळा दुसरीकडे आणि मधली दोरी तिरकी. त्यात रीलवर वेणीची दोरी असेल तर आणखी वाईट. ती पाण्यापेक्षा हलकी असल्याने वर तरंगते, वाऱ्याने तिची कमान होते आणि झटका त्या कमानीतच विरतो. नायलॉन पाण्यापेक्षा थोडं जड असतं. त्यावरचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने पुसला की ते नीट बुडतं. फेकल्यावर काठीचं टोक हातभर पाण्यात घालून रीलचे चार-पाच फेरे पटकन मारायचे, म्हणजे उरलेली दोरीही खाली जाते. वेणीची दोरी मरळीसाठी राखून ठेवावी.

मरळीला हवेत श्वास घ्यायला वर यावंच लागतं. गवताच्या उघड्या खिडक्यांत तो ‘टप्’ आवाज ऐकून, त्याच्या पुढे मीटरभर रबरी बेडूक टाकायचा. दोरी ४० पौंडांची. बेडकाचे गळ अंगाला फार चिकटलेले असतात, ते पक्कडीने जेमतेम २ मिलिमीटर बाहेर वळवावेत. उसळी दिसल्याबरोबर ओढलं की बेडूक रिकामा परत येतो. दोरी ताठ होईपर्यंत थांबा. बेडूक बुडू लागला तर आत पाणी शिरलंय, दाबून काढा. लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर ती जागा सोडावी. आईबाप राखणीला असतात आणि ते गेले की पिल्लं इतर मासे खाऊन टाकतात.

शिंगाडा मासा अंधार पडल्यावर, जुन्या नदीपात्राच्या कडेला. सरकतं शिसं, ४५ सेंटिमीटर लीडर (गळाकडचा दोरीचा शेवटचा तुकडा), गांडुळांचा घोस आणि २/० चा गोल गळ, म्हणजे टोक आत वळलेला. गोल गळाला झटका द्यायचा नसतो, नुसतं सावकाश गुंडाळत जायचं. सोडवताना छातीच्या परांचे काटे सांभाळा, त्यांना करवतीसारखे दाते असतात.

चिलापी सगळीकडे आमिष चोरते. गांडुळाऐवजी उकडलेल्या मक्याचे दोन दाणे लावले की त्रास कमी होतो, संपत नाही.

ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रील दोरी सोडेल ते, आता अंदाजाने लावणं बंद केलंय. काठी वाकलेली ठेवून, दोरीला वजनकाटा अडकवून, दोरीच्या ताकदीच्या पाव भागावर: ५ किलोच्या दोरीला सव्वा किलो.

रोहूचं गणित अजून बसलेलं नाही. मधल्या थरात तो येतो, टकटक करतो, पण गळ तोंडात जात नाही. पुढच्या टप्प्यात स्प्रिंगवरचे दोरे ५ ऐवजी ८ सेंटिमीटर आणि गळ ६ नंबरचे करून, एका वेळी एकच बदल ठेवून पाहायचंय.